प्रसूतिगृह पाडण्याआधी : आमच्या नगरपरिषदेला खुले पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी आणि सर्व नगरसेवक,

स. न. वि. वि.

गावाला निवडून आलेले सभागृहच नव्हते त्या काळात प्रशासकांच्या सहीने एक ठराव झाला. जुन्या एस. टी. स्टँडमागचे नगरपालिकेचे प्रसूतिगृह पाडायचे आणि तिथे व्यापारी संकुल बांधायचे. खाली गाळे, वर कार्यालये. येत्या सर्वसाधारण सभेत तुम्ही तो ठराव कायम करणार आहात. सोबतच्या टिपणीत कारण दोन वाक्यांत उरकले आहे : इमारत वापरात नाही, आणि प्रसूतिसेवेला गावात मागणी उरलेली नाही.

पहिले वाक्य खरे आहे. दुसरे खरे नाही, आणि ते का खरे नाही हे सांगू शकणारी माणसे आता गावात थोडीच उरली आहेत. मी त्यांतली एक. १९७९ मध्ये ए.एन.एम.चे (सहायक परिचारिका-प्रसाविकेचे) शिक्षण पुरे करून मी या प्रसूतिगृहात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. माझी स्वतःची दोन्ही बाळंतपणे त्याच इमारतीत झाली. तुमच्यापैकीही बऱ्याच जणांचा जन्म तिथला आहे. नावे सांगत नाही, आपापल्या आईला विचारा.

मागणी कशी संपवली ते क्रमाने सांगते. डॉक्टरबाई निवृत्त झाल्या आणि त्यांचे पद भरले गेले नाही. काही दिवस बाहेरगावचे एक डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत. मग कंत्राटी नेमणूक झाली. पगार वेळेवर निघेना म्हणून तेही गेले. रात्रपाळीच्या सिस्टर निवृत्त झाल्या, त्यांचे पद व्यपगत झाले. दोन आया होत्या, त्यांतल्या एकीला कार्यालयात फायली पोचवायला लावले. ऑटोक्लेव्ह, म्हणजे हत्यारे वाफेवर निर्जंतुक करायचे यंत्र, बिघडला, त्याच्या दुरुस्तीचा कागद टेबलाटेबलावर फिरत राहिला. शेवटी दारावर पाटी लागली की रात्री आठनंतर प्रसूती घेतल्या जाणार नाहीत. कळा काय घड्याळ बघून येतात? रात्री दार बंद असेल ही धास्ती एकदा बसली की बाई दिवसासुद्धा नाव नोंदवायला येत नाही. वार्षिक अहवालातला आकडा घसरला. आकडा घसरला म्हणून अंदाजपत्रकातली तरतूद घटली, तरतूद घटली म्हणून औषधे आली नाहीत, आणि औषधे नाहीत म्हणून आकडा आणखी घसरला. विहिरीचा दोर कापायचा आणि मग पाणी शेंदायला कुणी येत नाही म्हणून विहीर बुजवायची, असा हा हिशेब आहे.

यातला एकही निर्णय गावातल्या बायकांनी घेतला नव्हता.

असली प्रसूतिगृहे कुणाच्या हौसेपोटी उभी राहिली नव्हती. १९४६ साली इंग्रज सरकारने नेमलेल्या भोर समितीने देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला. तेव्हा हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० बाळंतिणी दगावत होत्या. समितीच्या अंदाजाने वर्षाला सुमारे दोन लाख बायका. जन्मलेल्या हजार मुलांमधली १६२ वर्षाच्या आत जात. आज मातामृत्यू लाखाच्या प्रमाणात मोजतात. त्या मापाने तेव्हाचा आकडा २,००० होतो. महाराष्ट्राचा २०१८-२० या काळातला आकडा ३३ आहे. दोन हजारांवरून तेहतीसवर येणे आपोआप घडलेले नाही. त्यात प्रतिजैविके आहेत, रक्तपेढ्या आहेत, मुलींचे वाढलेले लग्नाचे वय आहे, आणि घरापासून हाकेच्या अंतरावर उघडे असलेले दारही आहे.

बाळंतिणीचा भार समाजाने उचलावा ही कल्पना आपल्याकडे कुणी बाहेरून आणून लादली असेही नाही. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा अडलेल्या विधवेला सुरक्षित बाळंतपणाची जागा देणे हे आपले काम आहे असे त्या दोघांना वाटले. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने घरात कोंडलेल्या बायकांना नर्सिंगचे शिक्षण दिले. लोकांनी नावे ठेवली तरी त्या मुली ससूनमध्ये जाऊन शिकल्या. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे असे मांडले, आणि त्या खर्चाचा भार सरकारने उचलावा असेही सुचवले. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. शहरा-गावांतली सार्वजनिक प्रसूतिगृहे याच विचारावर उभी राहिली. आमचेही त्यांतलेच. जागा गावातल्या एका व्यापाऱ्याने आईच्या स्मरणार्थ दिलेली, बांधकाम नगरपालिकेचे.

तिथे काय चालायचे हे नव्या नगरसेवकांना ठाऊक असण्याचे कारण नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मंगळवार गरोदर बायकांचा. वजन, रक्तदाब, पोटाची तपासणी. साहलीच्या नळीत बोटाचे रक्त घेऊन त्याचा रंग काचेच्या पट्टीशी ताडून बघायचा, म्हणजे हिमोग्लोबिन कळे. लघवी परीक्षानळीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची. गढूळ झाली तर अल्ब्युमिनची, म्हणजे लघवीतून प्रथिने जात असल्याची शंका, आणि मग त्या बाईच्या पायावरची सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढची अंधारी सगळे विचारायचे. गरोदरपणी येणारी आकडी ओळखायचे आमचे यंत्र ते एवढेच. धनुर्वाताची इंजेक्शने आणि लोहाच्या गोळ्या द्यायच्या. गोळ्यांनी शी काळी होते म्हणून बायका त्या उकिरड्यावर टाकत, तेव्हा पुढच्या मंगळवारी जिभेचा आणि डोळ्यांच्या कडांचा रंग बघून आम्ही खोटे पकडायचो. पहिलटकरणीबरोबर सासू आली की तिला खुर्ची द्यायची आणि आधी तिच्याशी बोलायचे, हे आमच्या डॉक्टरबाईंचे शास्त्र. दवाखान्यात आणायचे की नाही हे घरात ठरवणारी तीच असे.

बाळंतीण दोन-तीन दिवस आमच्याकडे राही. मग घरी गेली की आम्ही मागोमाग. नाळ बघायची, अंगावरचे जाणे बघायचे, ताप बघायचा, बाळ नीट पिते का ते बघायचे. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, धुरी आणि खिडकीला घोंगडे. शेक चालू द्या पण खिडकी उघडी ठेवा, एवढी तडजोड करून घ्यायलासुद्धा आजीबाईंशी हुज्जत घालावी लागे. पहिला चीक पिळून टाकायची पद्धत मोडायला त्याहून जास्त काळ गेला.

आणि सुइणी. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवर बाळंतपणे त्याच करत. त्यांना हिणवून काही साधले नसते. सरकारचे दाई प्रशिक्षण आले तेव्हा त्या आमच्या व्हरांड्यात येऊन बसायच्या. नाळ विळ्याने कापायची, वर राख नाहीतर शेण लावायचे, आणि आठवडाभरात बाळाचा जबडा मिटायचा, अंग ताठ व्हायचे. घरचे म्हणत सटवाईने नेले. हा धनुर्वात आहे हे सुइणींना पटले ते चित्रे दाखवून नव्हे. हात साबणाने धुतले, पाते आणि दोरा उकळून घेतला की तिच्या हातची बाळे वाचतात हे तिने स्वतः पाहिले तेव्हा पटले. युनिसेफचा शिक्का असलेली ॲल्युमिनियमची पेटी एका म्हातारीने मरेपर्यंत पुसून-पुसून वापरली. अडलेली बाई, पायाळू मूल किंवा जुळे असले की बैलगाडीतून आमच्याकडे आणणाऱ्याही त्याच. २०१५ मध्ये माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. त्या वर्षी आमच्या प्रसूतिगृहात ऑटोक्लेव्ह बंद पडून होता.

उसाचा हंगाम सुरू झाला की कोयत्यावरच्या बायका येत. आठवा-नववा महिना, पहाटेपासून मोळ्या उचललेल्या, हातात ना कार्ड ना कागद. आम्ही कागद मागत नव्हतो. गाव कुठले, दिवस किती भरले, आधीची बाळंतपणे कशी झाली, एवढे विचारून खाट द्यायचो.

हे सगळे सोन्याचे होते असे मी म्हणणार नाही. उन्हाळ्यात पाणी नसे. हंगामात एका खाटेवर दोघी झोपत. काही सिस्टरांची जीभ अशी होती की बाई दुसऱ्या खेपेला येईनाशी होई. आणि त्याहून वाईट म्हणजे नसबंदीचे टार्गेट. मी नोकरीला लागले तेव्हा आणीबाणी संपून दोन वर्षे झाली होती, पण १९७६ ची भीती घराघरांत होती. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक देशात पहिल्यांदा आपल्याच राज्याच्या विधिमंडळाने मंजूर केले होते. ते अमलात आले नाही, तरी लोक विसरले नव्हते. बाळंतिणीच्या उशाशी ऑपरेशनचा आग्रह धरायची वरून सक्ती असे. १९९६ मध्ये टार्गेटची पद्धत कागदावरून गेली, माणसांच्या वागण्यातून जायला आणखी वेळ लागला. तेव्हा जुने दिवस परत द्या असे माझे म्हणणे नाही. एक दार, एक प्रशिक्षित माणूस आणि चोवीस तास, एवढेच मागते आहे.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार अंतराची. ग्रामीण रुग्णालय आता हायवेला गेले आहे. दिवसा रिक्षा मिळते. रात्री १०८ ला फोन लावावा लागतो आणि ती गाडी त्या वेळी दुसऱ्या तालुक्याच्या टोकाला असू शकते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव एकदा धो-धो सुरू झाला की हातात सुमारे दोन तास असतात, असे आम्हाला शिकवले होते. मातामृत्यूच्या मुळाशी तीन उशीर सांगतात : घरात निर्णय व्हायला लागणारा, वाटेतला, आणि दवाखान्यात पोचल्यावरचा. पहिला उशीर आम्ही चाळीस वर्षे सासवांशी बोलून कमी केला. दुसरा तुम्ही ठराव करून वाढवत आहात.

दुसरी तक्रार पैशाची. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी हे सारे मोफत आहे. तो हक्क वापरायला गावात जागाच नसेल तर तो भिंतीवरच्या फलकापुरता. मग कर्ज काढून खासगीत जायचे. खासगी डॉक्टरांवर मी दोष ढकलत नाही. त्यांतल्या काहींनी रात्री-बेरात्री आमच्या अडलेल्या बायका सोडवल्या आहेत. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशभरात खासगी रुग्णालयांतली ४७.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली, सरकारीतली १४.३ टक्के. सरकारीतला आकडा काही ठिकाणी गरजेपेक्षा कमीही असेल. तरी एवढी दरी बायकांच्या शरीररचनेने पडत नसते, हे सांगायला डॉक्टर असावे लागत नाही.

‘आपला दवाखाना’ सुरू झाला आहे ना, असे मला एका नगरसेवकांनी विचारले. झाला, चांगलेच झाले. तिथे बाह्यरुग्ण तपासणी होते, बाळंतपण होत नाही. राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियान पन्नास हजारांवरच्या शहरांसाठी, आपण त्याखाली. ग्रामीण आरोग्याची यंत्रणा नगरपरिषदेची हद्द म्हणून हात आखडता घेते. आपल्याएवढ्या गावांची ही नेहमीची परवड आहे. अशा वेळी नगरपरिषदेनेच पुढे व्हायचे असते. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे जी कामे सोपवायची आहेत त्यांत सार्वजनिक आरोग्य आहे. व्यापारी गाळे मला त्या यादीत सापडले नाहीत.

गाळ्यांचा विषय निघालाच आहे तर, मंडईवरच्या संकुलातले वरच्या मजल्यावरचे गाळे अजून रिकामे आहेत. त्यांची शटरे गंजली. तिथले भाडे आधी सुरू करा, मग नव्या संकुलाच्या उत्पन्नाचे आकडे टिपणीत घाला.

गुरुवारचे लसीकरण आता सांस्कृतिक भवनाच्या पायऱ्यांवर होते. सावली नाही, लस दिल्यावर बाळाला अर्धा तास थांबवायला बाक नाही, पाजायला आडोसा नाही. वजनकाटा कधी असतो, कधी अंगणवाडीतून यायचा असतो.

आणि रजिस्टरे. इमारतीच्या मागच्या खोलीत प्रसूतिगृहाची जुनी रजिस्टरे आहेत. वाळवी लागलेली, काही पावसाने भिजलेली. आईचे नाव, गाव, कितवे बाळंतपण, मुलाचे वजन, वेळ, कुणी सोडवले, शेरा. जन्मनोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा. आमच्याकडची काही पाने त्याच्याही आधीची आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सरकारी यंत्रणा जुनी जन्म-मृत्यूची पुस्तके धुंडाळत होती, तेव्हा एकेका पानासाठी लोक कसे रांगा लावून उभे होते ते सगळ्यांनी पाहिले. पाडकामाच्या निविदेत या खोलीचा उल्लेखही नाही. म्हणजे ठेकेदार भंगारात घालणार.

शेवटची तक्रार दानाची. जागा प्रसूतिगृहासाठी दिलेली आहे. दानपत्रात नेमक्या काय अटी आहेत ते तुमच्या दप्तरात असणार. ठरावासोबत त्याची प्रत जोडलेली नाही, याचे मला आश्चर्य वाटले नाही.

सभागृहात आज निम्म्या स्त्रिया आहेत. महिला व बालकल्याणासाठी अंदाजपत्रकात वेगळी रक्कम राखलेली असते. शिलाई यंत्रे वाटून झाली, हळदीकुंकवाचे मेळावे झाले, त्यांना माझी हरकत नाही. त्याच रकमेतून एका रात्रपाळीच्या सिस्टरचा पगार निघतो का, एवढे एकदा मांडून बघा.

आमच्या मागण्या अशा :

१. पाडकामाचा आणि संकुलाचा ठराव कायम करू नये. इमारत धोकादायक असल्याचे म्हणणे असेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल नोटीस बोर्डावर लावावा.

२. दानपत्राची प्रत सभेपुढे ठेवावी.

३. प्रसूतिगृह चोवीस तासांसाठी पुन्हा सुरू करावे. तीन पाळ्यांना तीन प्रशिक्षित परिचारिका, एक वैद्यकीय अधिकारी, चालू स्थितीतला ऑटोक्लेव्ह, रक्तस्राव थांबवणारी औषधे, प्राणवायू, आणि अवघड केस पुढे पाठवायला दारात उभी गाडी. सिझेरियन इथे व्हावे असे आम्ही म्हणत नाही. नगरपरिषदेला एकटीला झेपत नसेल तर जिल्हा आरोग्य यंत्रणेशी लेखी करार करावा. जागा तुमची, माणसे त्यांची.

४. ते होईपर्यंत निदान गरोदर मातांची साप्ताहिक तपासणी आणि मुलांचे लसीकरण त्या इमारतीच्या पुढच्या दोन खोल्यांत परत आणावे. त्या खोल्या आजही धड आहेत, मी जाऊन पाहिल्या आहेत.

५. ऊसतोड हंगामात बाहेरून आलेल्या बायकांना कागदपत्रांवाचून तपासणी मिळावी.

६. रजिस्टरे ताबडतोब कोरड्या जागी हलवून त्यांचे स्कॅनिंग करावे. कुठल्या वर्षाचे कुठले पान खराब झाले आहे त्याची यादी करायला मी आणि माझ्या दोन जुन्या सहकारी बिनपगारी यायला तयार आहोत. आमची अक्षरे आम्हालाच वाचता येतात.

७. मागच्या पंधरा वर्षांत प्रसूतिगृहावर काय तरतूद होती, किती खर्च झाला, कुठले पद केव्हा आणि कुणाच्या आदेशाने रिकामे ठेवले, हे सारे जाहीर करावे. मागणी उरली नाही असे म्हणायचे असेल तर ते या आकड्यांसमोर म्हणावे.

या पत्राला लेखी उत्तर मिळावे. सभेच्या दिवशी आम्ही काही जणी प्रेक्षकांत बसायला येणार आहोत. त्यात बाळंतपण जवळ आलेल्या दोघी आहेत, तेव्हा खुर्च्यांची सोय केली तर बरे होईल.

आपली,
नगरपालिका प्रसूतिगृहातील एक निवृत्त परिचारिका

प्रत माहितीसाठी :
मा. जिल्हाधिकारी
मा. जिल्हा शल्यचिकित्सक